डोळे आमचे, कातडं तुझं

जगतापांच्या घराण्याचा मूळ धंदा मारामारीचा. तंजावरच्या राजवाड्यात चार पिढ्या त्यांनी तलवारी धरल्या. पाचव्या पिढीत राजा मुलगा नसताना वारला, कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं आणि तलवारी धरायचं कामही स्वतःच्या अंगावर घेतलं. एकोजीराव जगताप तेव्हा नऊ वर्षांचा होता. मोठा झाल्यावर तो कुंभकोणमला आला आणि मुन्सफाच्या कोर्टात जुने मोडी कागद वाचून दाखवायच्या नोकरीला लागला. वडिलांची तलवार भिंतीवर राहिली. दसऱ्याला तिला हळदकुंकू मिळे, बाकी वर्षभर गंज. पण चार पिढ्यांची सवय एका जाहीरनाम्यानं थोडीच जाते? बाहेर बंद झालेली मारामारी घरात आली आणि तिथं तिला चिंचेच्या शिपटीवर भागवून घ्यावं लागलं.

शिपटी दाराच्या कोपऱ्यात उभी असे. एकोजीराव तिनं मुलांना मारी, आणि त्यात त्याला वावगं काही वाटत नसे. त्याला त्याच्या बापानं मारलं होतं, बापाला आजोबांनी. वंशपरंपरागत म्हणावं असं घरात आता तेवढंच उरलं होतं.

बायको भवानी असेपर्यंत ती मध्ये पडे, म्हणजे शब्दशः मध्ये पडे; निम्मे फटके तिच्या पाठीवर जात. मग गावात महामारीची साथ आली. सकाळी भवानीनं सार फोडणीला टाकलं आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. मागे तीन मुलं राहिली. रंगा सात वर्षांचा, विजयलक्ष्मी, म्हणजे विजी, पाचाची, आणि रघुनाथ अजून तीनाचा नव्हता. आई मेल्याचं दुःख ती तिघं तीन तऱ्हांनी करत. रंगा चावे, विजी हातात येईल ते फेकी आणि रघुनाथ माणसाच्या ज्या भागाला लोंबकळता येईल त्याला लोंबकळे.

एकोजीरावाच्या अकरा दिवसांच्या खाड्यानंतर मुन्सफ म्हणाले, “जगताप, तुमच्या घरी दुःख आहे, पण कागद वाट बघतायत.” बाराव्या दिवशी तो मुलांना एकटं ठेवून कोर्टात गेला. परत आला तर रंगानं रघुनाथला विहिरीच्या खांबाला दोरानं करकचून बांधलं होतं. पोराचे हात निळे पडले होते.

“तो विहिरींत पडेल म्हणून बांधलें,” रंगा म्हणाला.

त्या दिवशी त्या घरात झालेली शहाणपणाची गोष्ट ती एवढीच. एकोजीरावानं त्याबद्दल रंगाला सहा शिपट्या मारल्या आणि मग तो नाक्यावर कामाक्षीकडे गेला.

कामाक्षी नाक्यावर पानं विकी. शेजारच्या खेड्यांतल्या बाया भाजी घेऊन यायच्या त्या तिच्याच सावलीला टेकत, त्यामुळे कुणाच्या घरात कोण विधवा झाली, कोण सासर सोडून आली, सगळं पानाच्या चळतीबरोबर तिच्याजवळ असे.

“घरात राहून मुलं सांभाळणारी बाई पाहिजे,” एकोजीराव म्हणाला.

“तरुण आणली तर लोक तुम्हाला खातील, अय्या,” कामाक्षी म्हणाली; अय्या म्हणजे तिकडचं ‘साहेब’. “म्हातारी आणली तर तुमची मुलं तिला खातील.”

“मधली बघ.”

पहिली आली अलमेलु. चांगली जाडजूड, हसतमुख, आणि कानांच्या पाळ्या खांद्यापर्यंत आलेल्या. त्यांत शिशाएवढी जड कर्णफुलं. तिनं रघुनाथला कडेवर घेतलं मात्र, लोंबकळायला इतकी सोयीची जागा त्यानं आजवर पाहिली नव्हती. किंकाळी नाक्यापर्यंत ऐकू गेली. एकोजीराव धावत आला तेव्हा अलमेलु कान दाबून अंगणात गडाबडा लोळत होती, बोटांमधून रक्त वाहत होतं, आणि रघुनाथ मुठीतलं कर्णफूल चाटून बघत होता.

दुसरी आली तिनं पहिल्याच आठवड्यात घर शांत केलं. एकोजीरावाला वाटलं, सुटलो. मग एकदा विजीच्या परकराची कड वर सरकली आणि पोटरीवर तापल्या पळीचे तीन डाग दिसले, तिन्ही वेगवेगळ्या दिवसांचे. एकोजीरावानं त्या बाईला दंडाला धरून दाराबाहेर इतक्या जोरात फेकलं की समोरच्या भिंतीवर तिचा दात पडला. मुलांना मारणारी बाई घरात चालणार नाही, असं तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला. गल्लीनं कोपऱ्यातल्या शिपटीकडे पाहिलं.

तिसरी तिरुनागेश्वरमची, देवाची गाणी म्हणणारी. विजीनं फेकलेला पाटा-वरवंट्यातला वरवंटा तिच्या पायावर बसला. भर दुपारी ती एका पायावर उड्या मारत गेली. गाठोडं न्यायलासुद्धा थांबली नाही.

“आता एकच आहे,” कामाक्षी म्हणाली. “तिरुनीलक्कुडीची. शिवकामी. पण आधी सांगते, नंतर बोल लावायचा नाही. तिनं नवऱ्याचा गुडघा मुसळानं फोडलाय.”

“नवरा कुठं आहे?”

“घरीच. आता कुठं जाणार?”

शिवकामी आली ती सकाळची. वय पस्तिशीचं असेल. उंच, हाडापेरानं रुंद, समोरचा एक दात नाही. दोन्ही कानांच्या पाळ्या फाटलेल्या. दोन सुकल्या वाद्यांसारख्या लोंबत होत्या. नवऱ्यानं दागिना उतरवताना फासा सोडायची तसदी घेतली नव्हती. गाठोड्याबरोबर तिनं स्वतःचं मुसळ आणलं होतं.

ती उंबऱ्याबाहेर थांबली. “मुलं माझ्याकडे देताय का?” तिनं विचारलं.

एकोजीरावाला घाई होती. त्या मुलखात बाप विजयादशमीला मुलाला पंतोजीच्या ओट्यावर नेऊन बसवतो, पानसुपारी ठेवतो आणि एक ठरलेलं वाक्य बोलतो: दोन डोळे आमचे, कातडं तुमचं. म्हणजे, आंधळा करू नका. बाकी सोलून काढलंत तरी तक्रार नाही. देवळात हात जोडावेत तसं ते वाक्य तोंडात बसलेलं असतं, अर्थाकडे कुणी बघत नाही. एकोजीराव पागोटं बांधता बांधता तेच बोलून गेला. “दिली. डोळे आमचे, कातडं तुझं.”

“कातडं माझं?”

“तुझं, तुझं.”

शिवकामी कामाक्षीकडे वळली. “ऐकलंस ना तू?” मग ती आत आली. घरात शिरताच तिनं कोपऱ्यातली शिपटी उचलली आणि माळ्यावर टाकली.

पहिल्या दिवशी रंगा तिच्या मनगटाला चावला. तिनं हात ओढून घेतला नाही. रंगाचे दात आत रुतले, रक्त आलं, ते त्याच्या हनुवटीवरून ओघळलं. ती दुसऱ्या हातानं तांदूळ निवडत राहिली. शेवटी पोराचा जबडा दुखला.

“झालं?” ती म्हणाली. “तोंड धू. जेवायला बसू.”

विजीनं तांब्या फेकला. तिनं तो झेलला आणि परत तिच्याकडे टाकला, हळू. दुपारपर्यंत दोघी तेच करत होत्या. रघुनाथनं तिच्या कानांकडे हात नेला, पण तिथं धरायला काही नव्हतं. तो तिच्या छातीवर डोकं ठेवून झोपून गेला. मुलं चिडली की घरच्या मराठीत शिव्या देत. त्या तिला कळत नसत, त्यामुळे उत्तरही मिळत नसे, आणि उत्तर न मिळालेली शिवी तिसऱ्या दिवशी आपोआप मरते.

एकोजीराव वेळेवर कोर्टात जाऊ लागला. घरी आला की मुलं जेवलेली, केस विंचरलेले, अंगावर नवा वळ नाही. त्याला बरं वाटे. थोडं चुकल्यासारखंही वाटे. संध्याकाळी हाताला काम उरलं नव्हतं.

अडचण शाळेची निघाली. आई गेल्यापासून रंगा नटराज वाद्दियारांच्या ओट्यावर गेला नव्हता. वाद्दियार म्हणजे पंतोजी. पस्तीस पोरं, एक वेत, आणि वरच्या तुळईला एक दोर. दडी मारणाऱ्या पोराला आणायला ते चार दांडगी पोरं धाडत. ती पोरं घरात घुसत, दडीबहाद्दराचे हातपाय धरत आणि प्रेत न्यावं तसं आडवं उचलून नेत. घरचे लोक बाजूला होऊन वाट देत. तशी रीतच होती.

शिवकामीला ही रीत कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल. चौघं रंगाला घेऊन दारात आले तेव्हा ती उंबऱ्यावर उभी होती. एकाची शेंडी आणि दुसऱ्याचा कान तिच्या हातात आला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तिसरा ओट्यावरून गटारात गेला. चौथ्यानं रंगाचे पाय नीट जमिनीवर ठेवले आणि नमस्कार केला.

“वाद्दियारांना सांगा,” ती म्हणाली, “या पोराचं कातडं माझ्याकडे आहे.”

एकोजीरावाची मान खाली गेली. कोर्टातला माणूस, आणि गल्लीत हसं! दुसऱ्या दिवशी शिवकामी नदीवर धुणं घेऊन गेल्याचं पाहून त्यानं रंगाचं मनगट धरलं आणि ओढत शाळेत नेलं.

“अप्पा, मज नेऊं नका! मी घरींच शिकतूं!”

“गप!”

त्यानं पोराला ओट्यावर ढकललं, पानसुपारी ठेवली आणि म्हणाला, “वाद्दियार, राग धरू नका. डोळे आमचे, कातडं तुमचं.”

“आधी दिलंत तेव्हाही हेच म्हणालात,” वाद्दियार म्हणाले. “मग मध्ये ती बाई म्हणते, तिचं.”

“बाईचं काय ऐकता?”

मग तो कोर्टात गेला. योगायोग म्हणावा की दैवाची खोड, त्या दिवशी त्याच्यापुढे एका शेताचा कागद होता. तिरुप्पनंदाळकडच्या एका गृहस्थानं एकच शेत आधी एकाला आणि मग दुसऱ्याला विकलं होतं, आणि दोघे खरेदीदार विळे घेऊन बांधावर भेटले होते. एकाच्या हाताची तीन बोटं त्या बांधावरच राहिली. एकोजीराव खणखणीत आवाजात वाचत होता. असले मूर्ख लोक कुठून येतात, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात फाटकाशी कामाक्षी ओरडताना ऐकू आली. “अय्या! रंगाला टांगलाय!”

तो धावला. अनवाणी धावला, कोर्टाबाहेर काढलेल्या वहाणा तिथंच राहिल्या.

त्या शिक्षेला कोदंड म्हणत. तुळईच्या दोराला पोराचे दोन्ही हात बांधायचे, वर ओढायचं, आणि खाली सराट्याचे काटे पसरायचे; म्हणजे पाय टेकावे तर काटे, उचलावे तर खांदे उखडतात. चार दांडग्या पोरांचा अपमान आणि महिन्याभराची दडी असा दोन्हींचा हिशेब वाद्दियार एकदम करत होते. रंगाचा चेहरा जांभळा झाला होता. तळपायांतून रक्ताचे थेंब काट्यांवर पडत होते. पाय खाली आले की वाद्दियार पोटऱ्यांवर वेत ओढत. बाकीची पोरं मोठ्यानं पाढे म्हणत होती. रडणं ऐकू येऊ नये म्हणून ते म्हणायचेच असत.

एकोजीराव ओट्याच्या पायरीशी पोचला आणि थबकला. हे त्यानं लहानपणी स्वतः भोगलं होतं. पायरीवर पाय ठेवावा की हात जोडावेत, हे त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या अंगानं शिवकामी आली. ओलं लुगडं वर खोचलेलं, हातात मुसळ. मागे विजी, तीच तिला नदीवर बोलवायला गेली होती.

“उतर त्याला खाली.”

“बापानं दिलाय,” वाद्दियार म्हणाले आणि त्यांनी वेत तिच्या तोंडावर ओढला. भुवई फुटली. रक्त डोळ्यांत गेलं. तिनं ते पुसलं नाही. वेत दुसऱ्यांदा वर गेला आणि मुसळ खाली आलं. मनगटाचं हाड मोडलं तो आवाज कवठ फुटल्यासारखा होता. पाढे थांबले. वाद्दियार खाली बसले आणि आपल्या हाताकडे, तो कुणा परक्याचा असावा, तसे बघत राहिले.

शिवकामी अनवाणी काट्यांवर चढली. रंगाचे पाय तिनं आपल्या खांद्यांवर घेतले आणि उभी राहिली. दोर ढिला पडला, पण तिचे हात वरपर्यंत पोचेनात.

“अय्या,” ती म्हणाली. ओरडली नाही. “गाठ सोडा.”

तेव्हा कुठं एकोजीराव पायरी चढला.

रंगाचा डावा खांदा निखळला होता. तिनं त्याला ओट्यावर निजवलं, बगलेत टाच दिली आणि हात असा हिसडला की पोराच्या किंकाळीनं समोरच्या झाडावरचे कावळे उठले. खांदा जागेवर बसला. मग तिनं भिंतीला टेकून स्वतःच्या पायांतले काटे मोजायला सुरुवात केली, आणि विजी ते एकेक उपटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली जमली ती एकोजीरावाच्या ओट्यासमोर. वाद्दियारांचा हात बांबूच्या कांबींत बांधलेला. पितळेच्या भांड्यांचे व्यापारी सुब्रह्मण्य मुदलियार गल्लीतले मोठे. त्यांनी तोड काढली.

“प्रकरण कचेरीत गेलं तर तुमची नोकरी जाईल, राव. बाई तुमच्या घरची. तुम्हीच तिला इथं सगळ्यांसमोर दहा शिपट्या मारा आणि गावी धाडून द्या. वाद्दियार तक्रार करणार नाहीत. काय वाद्दियार?”

“दहा,” वाद्दियार म्हणाले. “मोजून. आणि पोरगा उद्यापासून शाळेत.”

एकोजीरावानं विचार केला. नोकरी गेली तर तीन पोरं खाणार काय? बाई काय, दुसरी मिळेल. हा विचार खोटा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण विचार करताना ते मध्ये आलं नाही. तो आत गेला, माळ्यावरून शिपटी काढली, बाहेर आला.

शिवकामी भुवईवर हळद लावून उभी होती. “माझं कातडं मी कुणाला दिलेलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही माराल, मी खाईन, ते वेगळं. पण मी गेल्यावर मुलांचं कातडं कुणाचं, ते आधी सगळ्यांसमोर सांगा. माझाही एक होता. तो नवऱ्याकडे ठेवून मी भाताच्या लावणीला गेले होते. आले तेव्हा त्याच्या कानांतून रक्त येत होतं. गुडघा मी नंतर फोडला. आधी फोडायला हवा होता.”

मुदलियार खाकरले. “चला राव, ऊन होतंय.”

एकोजीरावानं शिपटी उचलली. पहिला फटका तिच्या खांद्यावर पडला. दुसरा पडायच्या आत त्याच्या हातात सुरी खुपसल्यासारखी कळ उठली. रंगा होता, एका हातानं धोतर धरून, दातांनी मनगट.

“तिज मारूं नका! मज मारा!”

“सोड! सोड, गाढवा!”

तांब्या कपाळावर येऊन बसला. विजीचा नेम आता पक्का झाला होता. रोजचा सराव होता. एकोजीराव मागे सरला, पायरीवर अडखळला, गुडघ्यांवर आला, आणि त्या क्षणी रघुनाथला लोंबकळायला जागा सापडली. एकोजीरावाच्या दोन्ही कानांत बापाच्या वेळची खड्यांची कडी होती. पोरानं उजवं धरलं आणि पाय उचलले.

एकोजीरावानं ऐकलेली किंकाळी त्याची स्वतःची होती, हे त्याला जरा उशिरा समजलं. रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. त्याला अलमेलु आठवली, वरवंटा आठवला. नको असलेल्या माणसाला ही मुलं घरातून कशी काढतात, हे त्यानं दोन वेळा पाहिलं होतं. तिसरा तो स्वतः होता.

“पुरे,” शिवकामी म्हणाली.

रंगानं दात काढले. विजीनं उचललेला दगड खाली ठेवला. रघुनाथ कडं मुठीत धरून तिच्याकडे गेला.

एकोजीराव पायरीवर बसला होता. हातातली शिपटी त्यानं बघितली. आणि मग, कान दाबून धरून, कोर्टात वाचायचा त्याच खणखणीत आवाजात तो म्हणाला, “एकच शेत दोघांना विकलं, तर आधीची खरेदी खरी, नंतरची रद्द. वाद्दियार, दसऱ्याला दिलेलं तुमचं होतं. पण महिनाभर पोरगा तुमच्या ताब्यात नव्हता, आणि काल तुम्हाला दिलं ते माझं नव्हतंच. या बाईला आधी देऊन झालं होतं. साक्षीला कामाक्षी आहे.”

“आहे,” कामाक्षी गर्दीतून म्हणाली. “आणि मी पानं टाकून आलेय, लवकर आटपा.”

हा कायदा कितपत बरोबर होता ते मुन्सफच जाणोत. वाद्दियार कचेरीत गेले. मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे एकोजीरावानं जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा कागद न वाचता स्वतःची साक्ष दिली, कानाला पट्टी बांधून. कुणाच्या कातड्याबद्दल चाललंय, असं साहेबांनी दोनदा विचारलं. शेवटी शिवकामीला एक महिन्याची कैद झाली. एकोजीरावाची नोकरी गेली नाही. त्याच्या इमानदारीमुळे नव्हे, तर मोडी वाचणारा दुसरा माणूस मुन्सफांना सापडला नाही म्हणून.

तो महिना एकोजीरावानं मुलांबरोबर काढला. कोर्टात जाताना तिघांना कामाक्षीच्या पानांजवळ बसवी. दुसरी बाई बघतेस का, असं त्यानं एकदाच विचारलं. कामाक्षीनं त्याच्या कानाकडे पाहिलं आणि पानांवर पाणी शिंपडलं. मुलं त्याच्याशी बोलत नसत. सोळाव्या दिवशी सार उतू गेलं आणि त्याचा हात सवयीनं कोपऱ्याकडे वळला. कोपरा रिकामा होता. चुलीत शिपटीचं टोक जळत होतं आणि विजी शांतपणे फुंकणीनं जाळ वाढवत होती. तो तिच्या शेजारी बसला आणि सांडलेलं सार पुसलं.

शिवकामी सुटली त्या दिवशी तो तुरुंगाच्या दाराशी गेला नाही. धीर झाला नाही. ती चालत आली. पायांतले दोन काटे आत राहून पिकले होते, ती लंगडत होती. उंबऱ्याबाहेर थांबली, पहिल्या दिवशी थांबली होती तशी. आत तीन मुलं श्वास धरून उभी.

“अय्या,” ती म्हणाली, “मुलं माझ्याकडे देताय का?”

एकोजीरावाच्या तोंडात ते वाक्य आलं आणि अडकलं. फाटक्या पाळीवर त्याचा हात गेला. या वेळी त्यानं शब्द एकेक करून उच्चारले. “दिली. कातडं तुझं.” मग जरा थांबून म्हणाला, “डोळेही तूच ठेव.”

“नको,” ती म्हणाली. “डोळे तुमचेच राहू देत. तुम्ही बघत चला.”

आणि ती आत येऊन खाली बसली, रघुनाथचं डोकं मांडीवर ओढलं आणि उवा बघू लागली. महिनाभरात बऱ्याच झाल्या होत्या.